चला, पाव्हणं

"आणि कुत्रं?" डॉक्टरबुवांनी विचारलं.

बापू गुरव समईत तेल घालत होता. त्याचा हात थांबला.

"माणूस गेलंय म्हणतोय मी, आणि तुम्ही कुत्र्याचं विचारताय?"

"कुठं होतं ते?"

"बसलं असंल कुठंतरी. मला काय ठावं?" बापूनं वात पुढं सारली. "सकाळी चहाला उठली न्हाई, एवढंच झालं. झोपेतच गेली. सावंतांची म्हातारी नशिबाची म्हणायची. कुणाकडनं काही करून घेतलं न्हाई."

बुधवार होता. टेकडीवर रोजच्यासारखा वारा होता. माळावरच्या पवनचक्क्या रोजच्यासारख्या फिरत होत्या. डॉक्टरबुवा दत्ताच्या देवळाच्या ओट्यावर बसून चपलेचा तुटलेला अंगठा शिवत होते.

"बरं," ते म्हणाले.

त्यांनी दोरा ओढला, गाठ मारली आणि दातानं तोडला. मग चपलेकडे बघितलं. अंगठा उलटा शिवला गेला होता. त्यांनी तो उसवायला घेतला.

"मातीला येणार का?" बापूनं विचारलं.

डॉक्टरबुवा दोरा उसवत राहिले. बापूनं पुन्हा विचारलं नाही. डॉक्टरबुवा खाली उतरत नसत, हे त्याला माहीत होतं.

ते खरं तर बुवा नव्हते. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्त झाले, त्याच वर्षी बायको गेली. ते देवळामागच्या एका खोलीत राहायला आले, दाढी करायचं राहून गेलं आणि लोक बुवा म्हणायला लागले. आता ते कुणाला औषध देत नसत. दत्ताच्या पायाशी चार दगडी कुत्री होती. रोज सकाळी ओल्या फडक्यानं ते त्यांना पुसत. एवढेच पेशंट उरलेत, म्हणत. चावत नाहीत, आणि मालक पाठीशी उभा.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता.

डॉक्टरबुवा सवयीनं सगळ्यात वरच्या पायरीवर जाऊन बसले. खाली, पहिल्या पायरीशी, पादुका कोरलेला एक दगड होता. ज्याला चढवत नाही त्यानं तिथंच हात जोडावेत, अशी तिथली रीत. सावंतांची म्हातारी, अनुबाई, दर गुरुवारी त्या दगडापर्यंत यायची. बरोबर एक कोवळं, लांब पायांचं कुत्रं. ती वाकून पादुकांवर हात ठेवायची. वारा खालून वर असला की तिचं बोलणं ऐकू यायचं.

"पुढच्या गुरुवारी वर येते, देवा."

मग कुत्र्याला अर्धी भाकरी घालायची आणि वळायची.

त्या गुरुवारी वारा खालूनच होता. डॉक्टरबुवा ऊन चढेपर्यंत बसून राहिले.

*

"कधी सुरू करायची?"

अनुबाईचा मुलगा हिंदुराव पायऱ्या चढून आला होता. नमस्कार नाही, बरं आहे का नाही. डोकं तेराव्यानंतरचं, केसांचे खुंट नुकते दिसायला लागलेले. हातात एक पांढरा डबा होता. त्यावर झेप घेणाऱ्या कुत्र्याचं चित्र होतं.

"बस आधी," डॉक्टरबुवा म्हणाले.

"बसत न्हाई. कुत्रं खाली हाय. पादुकांपाशी बसलंय, पायरी चढंना."

"बांधलंयस?"

"बांधायचं काय कामच न्हाई. तिथं बसलं की हलत न्हाई."

डॉक्टरबुवांनी तांब्या पुढं केला. हिंदुराव उभ्यानं पाणी प्यायला.

"दोन वर्षांनी आलास."

"तुम्ही हाकललं होतं."

"मी म्हणालो होतो, तू कुत्रं पळवत नाहीस, शिल्ड पळवतोस. जा असं कुठं म्हणालो?"

"तेवढ्यात समजलं की."

बापू गाभाऱ्यात आरतीचं ताट घासत होता. तो आतल्या आत हसला. गुरुवार होता, त्याला कामं होती, पण त्यानं ताट सावकाश घासायला घेतलं.

हिंदुराव शाळेत होता तेव्हापासून डॉक्टरांच्या दवाखान्यात येऊन बसायचा. कुत्र्याची मांडी कशी चाचपायची, नख कुठवर कापायचं, पळून आलेल्या जनावराला पाणी किती वेळानं द्यायचं, हे सगळं तो तिथंच शिकला होता. पुढं तो शर्यतीत पळणारी कारवानी कुत्री पाळायला लागला. तीन तालुक्यांत त्याच्या कुत्र्यांचं नाव झालं. समोरच्या भिंतीवर शिल्डांना जागा उरली नाही, तेव्हा त्यानं ती बाजूच्या भिंतीवर लावायला सुरुवात केली. लग्न तेवढं राहून गेलं.

"काय आहे हे?" डॉक्टरबुवांनी डब्याकडे बोट केलं.

"सांध्यांची पावडर. पळणाऱ्या कुत्र्यांची. पुण्यावरनं मागवली." त्यानं डबा ओट्यावर ठेवला. "एकजण म्हणतो, आत्ताच सुरू करा, वाढत्या वयात सांध्याला पोषण होतंय. दुसरा म्हणतो, दीड वर्षापर्यंत हात लावू नका. तिसरा म्हणतो, लंगडायला लागल्यावर बघा. तिघंबी छातीवर हात ठेवून सांगत्यात. तुम्ही सांगा."

"वय काय?"

"वर्षाचं व्हायचंय. चैत्रात होईल."

"आणि जत्रेतली शर्यत कधी?"

"चैत्रातच."

डॉक्टरबुवांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं.

"ह्या वेळी आधी इचारतोय," हिंदुराव म्हणाला. "सर्जाच्या वेळी इचारलं न्हवतं."

सर्जा म्हणजे हिंदुरावचं आधीचं कुत्रं. तो दहाव्या महिन्यात जत्रेत पळाला होता आणि पहिला आला होता. तिसरं वर्ष लागलं तेव्हा त्याला अंगणातून सोप्यात यायला उचलून घ्यावं लागायचं. त्याच सुमारास डॉक्टर ते वाक्य बोलले होते.

"माळावर पळवतोस की डांबरावर?"

"माळावर."

"वजन?"

"बरगड्या दिसत्यात. जादा एक घास न्हाई."

"मग ऐक. हाडांची टोकं अजून कच्ची आहेत. ती जुळेपर्यंत लांब पळवायचं नाही, उड्या मारायला लावायचं नाही. दमलं की थांबू द्यायचं. पावडर दिलीस तर अपाय नाही. नाही दिलीस तर फार काही बिघडत नाही. काही जनावरांना गुण येतो, काहींना येत नाही. चुन्याच्या गोळ्या मात्र वरून घालू नकोस, वाढत्या हाडाला त्या वाईट."

हिंदुराव वाट बघत राहिला.

"झालं?"

"झालं."

"हे तर पुस्तकातलं झालं."

"पुस्तकातलंच विचारलंस."

गाभाऱ्यातून बापू म्हणाला, "आता पावडरचा परसाद दत्तालाबी दाखवा. त्याचीबी चार हायत."

"तू ताट घास," डॉक्टरबुवा म्हणाले.

हिंदुराव हसला नाही. तो ओट्याच्या कडेला टेकला. उभ्यानं बोलायचा त्याचा जोर संपला होता.

"डॉक्टर, ते आत्ताच लंगडतंय."

"कधीपासून?"

"आई गेल्यापास्नं... म्हंजे आधीपास्नंबी असंल. मी बघितलं आई गेल्यावर. आधी तीच फिरवायची. मी फकस्त पळवायचो."

"कसं लंगडतं?"

"चार पावलं चालतंय आणि थांबतंय. पुढचा उजवा पाय असा उचलून धरतंय." त्यानं मनगट वाकवून दाखवलं. "मागं बघतंय. मग कधी पुढं जातंय, कधी तिथंच उभं. मी ओढतो तवा जातंय. पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच."

"पळताना?"

"पळताना काय न्हाई. सोडलं की बाणावानी."

"चालताना लंगडतं आणि पळताना लंगडत नाही."

"व्हय. असा रोग हाय का तुमच्या पुस्तकात?"

"नाही."

हिंदुरावनं डबा पुन्हा हातात घेतला. झाकणावरचं प्लास्टिकचं सील अजून तसंच होतं. तो नखानं त्याची कड खरवडत राहिला.

"घरात गेलो की ते दारात उभं असतंय," तो म्हणाला. "मला बघून शेपूट हलवतंय. मग माझ्या मागं बघतंय, आणखी कोण आलंय का. मग आत जाऊन पडतंय. आईची काठी दारामागं हाय, तिच्यावर हनुवटी टेकून. तीन खोल्या हायत. त्यातलं तेवढंच एक हलतंय बघा. तेबी सर्जावानी बसलं तर..."

बापूच्या ताटाचा आवाज थांबला होता.

"नाव काय त्याचं?" डॉक्टरबुवांनी विचारलं.

"तुफान."

"आई काय म्हणायची?"

"ती काय, कायबी म्हणायची."

"काय म्हणायची?"

"पाव्हणा." हिंदुराव जरा अवघडला. "सर्जा गेल्यावर तिनं ताकीद दिली होती, आता घरात कुत्रं आणायचं न्हाई. मला बघवत न्हाई, म्हणाली. तरी मी पिल्लू घेऊन आलो. म्हटलं, आई, चार दिवसांचा पाव्हणा हाय, पोचवायचाय दुसरीकडं. तिनं बघितलं माझ्या तोंडाकडं. तिला समजलं. म्हणाली, असू दे, पाव्हण्याला काय, चहा-पाणी करू. तेच नाव पडलं. अहो-जाहो करायची त्याला. जेवा पाव्हणं. बसा पाव्हणं. मी म्हणायचो, आई, मैदानात माईकवर सांगायचं नाव हाय का ते? लोक हसत्याल."

"मग?"

"मग काय? म्हणाली, मैदानातलं तुझं. घरातलं माझं."

डॉक्टरबुवा मान हलवत राहिले. बराच वेळ.

"हा डबा आला त्या दिवशी," हिंदुराव म्हणाला, "ती चुलीम्होरं होती. म्हणाली, कशाचं रं? म्हटलं, सांध्याचं. म्हणाली, माझं गुडघं बी करकरत्यात, मला बी चमचाभर घाल की. मी म्हटलं, आई, हे कुत्र्याचं हाय. तर म्हणती कशी, व्हय बाबा, मी कुठं शर्यतीत पळती? माझ्या गुडघ्याला शिल्ड कोण देतंय?"

तो हसला. ते हसू अर्ध्यात राहिलं आणि तोंड तसंच उघडं राहिलं. त्यानं ते हातानं पुसल्यासारखं केलं.

डॉक्टरबुवांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि ते उठले.

"चल, बघू."

बापू गाभाऱ्याच्या दारात आला. "कुठं निघालासा?"

"खाली. पेशंट बघायला."

"खाली?"

"खाली."

"आणि ही चार?"

"त्यांना सांग, येतो."

*

पायऱ्या उतरताना डॉक्टरबुवा प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होते. आधी काठी, मग एक पाय, मग दुसरा. हिंदुराव पुढं जाऊन थांबत होता.

"तुमचंबी गुडघं गेलेलं दिसत्यात."

"उतर तू."

"हात देऊ का?"

"उतर म्हटलं ना."

खाली दगडापाशी कुत्रं बसलं होतं. करड्या रंगाचं, कंबर मुठीत मावेल इतकी बारीक, पाय सगळ्या अंगापेक्षा मोठे वाटावेत असे. दोघांना येताना बघून ते उठलं. शेपूट हलवली. मग त्यांच्या मागं, वरच्या पायऱ्यांकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. ते पुन्हा बसलं.

डॉक्टरबुवा काठी टेकून हळूहळू खाली बसले. आधी त्याला हाताचा वास घेऊ दिला. मग खांद्यापासून सुरुवात केली. खांदा, कोपर, मनगट. प्रत्येक बोट वेगळं करून बघितलं. पुढचा उजवा पाय वाकवला, ताणला, पुन्हा वाकवला. कान सांध्याजवळ नेला. मग मागं गेले. गुडघा, घोटा, कंबर. कुत्र्यानं एकदाही पाय ओढून घेतला नाही. मध्येच त्यानं डॉक्टरबुवांची दाढी चाटली.

हिंदुराव डबा छातीशी धरून उभा होता.

"हाय का काय?"

"नाही."

"नीट बघा."

"नीटच बघितलं. सांधे चांगले आहेत. तुझ्या-माझ्यापेक्षा चांगले."

"मग थांबतंय कशाला?"

"चालव बघू."

हिंदुरावनं गळपट्ट्याला दोर लावला. "तुफान, चल." कुत्रं उठलं. दगडापासून वस्तीकडे जाणाऱ्या पायवाटेवर दोघं निघाले. चार पावलं, पाचवं पडायच्या आत कुत्रं थांबलं. पुढचा उजवा पाय हवेत, मनगटात वाकलेला. मान वळवून त्यानं मागं बघितलं.

"बघा," हिंदुराव म्हणाला. "बघितलंसा? ह्योच पाय."

"बघितलं."

"दुखतंय त्याला."

"ते काय बघतंय?"

"कुठं?"

"मागं. काय बघतंय मागं?"

हिंदुरावनं मागं बघितलं. पायवाट होती. वाळलेलं कुसळी गवत होतं. लांबवर एक पवनचक्की बंद पडली होती, बाकीच्या फिरत होत्या.

"मागं काय हाय? काय न्हाई."

"बरं."

"ओढू का?"

"नको. दोर सोड."

"सोडलं तर पळंल घराकडं."

"नाही पळणार."

हिंदुरावनं दोर सोडला. कुत्रं तसंच उभं राहिलं, पाय उचलून.

"हिंदुराव, आई कशी चालायची?"

"कशी म्हंजे? म्हाताऱ्या चालत्यात तशी."

"तिच्याबरोबर कधी आलास इथवर?"

"मला कुठं... सकाळी मी लोकांची कुत्री बघायला मैदानावर असतोय."

"मी वरून बघायचो," डॉक्टरबुवा म्हणाले.

ते काठी टेकत कुत्र्याच्या मागं गेले, थोडं अंतर ठेवून. कंबरेत वाकले. डावा हात डाव्या गुडघ्यावर ठेवला. आणि चालायला लागले.

टक. पाऊल. टक. पाऊल.

काठीचा आवाज झाला तसे कुत्र्याचे कान उभे राहिले. पाय जमिनीवर आला. ते पुढं चालायला लागलं, मागं न बघता, मान खाली, अगदी सावकाश. एवढ्या लांब पायांचं जनावर इतकं हळू चालू शकतं, हे हिंदुरावनं कधी बघितलं नव्हतं.

चार पावलं झाली. कुत्रं थांबलं. डॉक्टरबुवा त्याच्यानंतर थांबले.

काठीवर दोन्ही हात ठेवून ते उभे राहिले. मोठा श्वास सोडला, नाकानं, जरा कण्हल्यासारखा. कुत्र्यानं पाय उचलून धरला होता. मान वळवून ते त्यांच्याकडे बघत होतं. घाई नव्हती. वारा थोडा पडला होता.

मग डॉक्टरबुवा रोजच्या आवाजात म्हणाले,

"चला, पाव्हणं."

पाय खाली आला. कुत्रं चालायला लागलं.

टक. पाऊल. टक. पाऊल.

पुन्हा थांबलं. पुन्हा श्वास. पुन्हा तेच दोन शब्द. पुन्हा पाय खाली.

हिंदुराव बघत होता. पायवाटेवर एक दाढीवाला म्हातारा चालत होता. डावा हात गुडघ्यावर, मान किंचित उजवीकडे, दर थांब्याला काठीवर दोन्ही हात, एकावर एक. हात ठेवायची ती पद्धत सुद्धा आईचीच.

त्यानं तोंड पवनचक्क्यांकडे वळवलं.

डॉक्टरबुवा थोड्या अंतरावर जाऊन वळले. कुत्रंही वळलं. दोघं तसेच थांबत थांबत दगडापाशी परत आले. डॉक्टरबुवांना खरोखरच दम लागला होता. ते पहिल्या पायरीवर बसले. कुत्रं पादुकांपाशी बसलं.

"मला वाटलं, पाय..." हिंदुराव म्हणाला. "मी रोज ओढत होतो त्याला. तिला काय झालं होतं, असं थांबत थांबत... मला म्हणायची, माळावर हवा खायला जाते. मला वाटायचं, जाती आणि येती. किती येळ लागतोय, कधी बघितलंच न्हाई. मी यायच्या आत ती घरात असायची. भाकऱ्या झालेल्या असायच्या."

डॉक्टरबुवा काठीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढत होते.

"आता तू म्हण," ते म्हणाले.

"काय?"

"तिचा शब्द."

"माझ्यानं न्हाई व्हायचं."

"म्हणून बघ."

"लाज वाटती हो."

"कुणाची? इथं मी आहे आणि ते आहे."

हिंदुराव कुत्र्यासमोर उभा राहिला. माळावर तीन तालुक्यांतली माणसं जमली तरी ज्याचा आवाज पलीकडच्या टोकाला ऐकू जायचा, तो तोंड उघडून मिटत होता. एकदा खाकरला. एकदा उगाच दोर गुंडाळला. डबा काखेत धरला.

"चला..." तो म्हणाला. आणि थांबला.

कुत्र्यानं कान टवकारले.

"चला, पाव्हणं."

शब्द फार हळू आले. पण आले.

कुत्रं ताडकन उठलं. सगळं अंग हललं त्याचं, कानापासून शेपटीपर्यंत. त्यानं हिंदुरावकडे बघितलं. मग त्याच्या एका बाजूनं मान काढून मागं बघितलं. मग दुसऱ्या बाजूनं.

हिंदुराव हलला नाही.

थोड्या वेळानं कुत्रं त्याच्याजवळ आलं. त्याच्या गुडघ्याला नाक लावून वास घेतला. मग वस्तीच्या दिशेला तोंड करून उभं राहिलं. घरी जायची वेळ झाली होती. त्या दगडापासून नेहमी घराकडेच वळायचं असायचं.

"बघा, वळलं," हिंदुराव म्हणाला. "रोज हितनंच वळतंय. पायरी म्हणून चढत न्हाई."

वरून बापूनं घंटा वाजवली. आरतीची वेळ होत आली होती. एकदा वाजवून तो थांबला. बहुतेक वरच्या पायरीवर येऊन खाली बघत असावा.

हिंदुरावनं काखेतला डबा काढला. त्याच्या डोळ्यांचं पाणी झाकणावर पडलं, ते त्यानं सदऱ्याला पुसलं. मग डॉक्टरबुवांच्या समोर उकिडवा बसला, शाळकरी असताना दवाखान्याच्या दारात बसायचा तसा.

"डॉक्टर, तुम्ही म्हणाल ते करतो. जत्रेत न्हेऊ नको म्हणा, न्हेत न्हाई. पुढच्या वर्षी म्हणा, पुढच्या वर्षी. मला फकस्त हे एवढं एकच असं सोडायचं न्हाई. हे आज सुरू करू? वर्ष झाल्यावर करू? कधीपास्नं? काय ते एक सांगा."

डॉक्टरबुवांनी डबा हातात घेतला. चित्रातल्या कुत्र्याकडे बघितलं. डबा परत दिला.

मग काठी उचलून हिंदुरावच्या हातात ठेवली आणि पायऱ्यांकडे बघितलं. खालून त्या बऱ्याच दिसत होत्या.

"तुझ्या आईचं वर यायचं राहिलंय," ते म्हणाले.